मामाची ट्रंक: आमच्या वेळचे कॉलेजातले नाद आज कसे करायचे (कॅसेट, शॉर्टवेव्ह आणि थोडी सायकल)

गेल्या दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायला काढला आणि माळ्यावरची माझी लोखंडी ट्रंक तीसेक वर्षांनी खाली आली. भाचा सुट्टीला आला होता, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यानं कुलूप तोडलं. आत ४३ कॅसेटा, एक १०० पानी वही, रबर बँड लावलेला परदेशी रेडिओ स्टेशनांच्या कार्डांचा गठ्ठा, सायकलचा डायनॅमो आणि तळाला पेपरात गुंडाळलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकाच मशीनमध्ये. सगळं मधल्या खोलीत अंथरून बसला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही लोक कॉलेजात असताना दिवसभर करत काय होता ओ?"

मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता लक्षात आलं की हे सांगून कळायचं नाही, करून दाखवावं लागेल. मग सुट्टीचे १५ दिवस आणि नंतर त्याच्या प्रत्येक फेरीला आम्ही दोघांनी मिळून एकेक नाद परत सुरू केला. त्यात काय जमलं, कसं जमलं, काय करू नये ते सगळं इथे लिहितोय, कारण अशी ट्रंक सोलापुरात घरटी एक तरी असणार, मामाची नाहीतर काकाची नाहीतर बाबांची, आणि त्यातल्या वस्तूंना फार वर्षं उरलेली नाहीत.

मी कॉलेजात होतो १९८२ ते ८५. आपली सोलापूरची कॉलेजं तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ झालं २००४ ला, त्यामुळे रिझल्ट कोल्हापुरातून यायचा आणि आम्ही वाट बघायचो. तसं बघितलं तर सगळ्याचीच वाट बघायचो, गाण्याची बुधवारपर्यंत, पत्राची महिना महिना, फोटो धुऊन यायची आठवडाभर. आणि खिशात पैसे नसायचे म्हणून जे पाहिजे ते स्वतःच्या हातानं करावं लागायचं. हे नाद परत करताना या दोन गोष्टी, वाट बघणं आणि हातानं करणं, काढून टाकल्या तर मग काही राहतच नाही त्यात. म्हणून शॉर्टकट सांगणार नाही.

पहिलं काम, ज्याची ट्रंक आहे तो माणूस हयात असेल तर त्याच्याशिवाय ट्रंक उघडू नका. आणि "तुमच्या काळातलं काहीतरी सांगा ना" असं विचारू नका, कुणालाच काही आठवत नाही असं विचारल्यावर. वस्तू हातात द्या आणि गप्प बसा. माझ्या हातात भाच्यानं एक कॅसेट दिली, तिच्या कव्हरवर माझ्याच अक्षरात "परीक्षा संपली" एवढंच लिहिलेलं, आणि मला ते दुपारचं ऊन, पार्क चौकातला उसाचा रस, आणि कुणाची सायकल मागून घेऊन कॅसेट भरायला गेलो होतो ते सगळं लाइनीनं आठवलं. हे बोलणं चालू असताना मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, विचारून लावा, चोरून नको. एका वस्तूला एक रेकॉर्डिंग, आणि फाईलला नाव देताना कुणाचा आवाज, कुठली वस्तू, साधारण साल एवढं घाला. "ऑडिओ ०१७" असं नाव राहिलं तर पाच वर्षांनी तुम्हालाच सापडणार नाही.

आता कॅसेट. जास्त लिहिणार ते यावरच, कारण आमच्यातल्या दहा पोरांना विचारलं असतं तर आठांचा नाद हाच होता.

तेव्हाची पद्धत अशी की विकतची कॅसेट परवडायची नाही आणि तिच्यात आवडीची दोनच गाणी, बाकीची भरतीची. म्हणून कोरी कॅसेट घ्यायची, वहीत गाण्यांची यादी करायची आणि दुकानात नेऊन द्यायची, तो चार-आठ दिवसांत भरून द्यायचा. कॅसेट भरायला टाकली असंच म्हणायचो, चक्कीवर दळण टाकल्यासारखं. यादी करणं हेच खरं काम होतं. ६० ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं, ९० ची म्हणजे ४५. जुनी गाणी साधारण सव्वातीन मिनिटांची असतात, ती ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेवढं मावायचं तेवढ्याच मापाची, म्हणजे ३० मिनिटांत नऊ गाणी बसतात आणि पाऊण मिनिट उरतं. नवी गाणी पाच-पाच मिनिटांची, ती सहाच. आता शेवटचं गाणं अर्ध्यात तुटू नये आणि शेवटी रिकामी टेप पण सरसरत राहू नये, यासाठी आम्ही बेरजा करत बसायचो, अकाउंट्सच्या तासाला केल्या नाहीत एवढ्या. आणि क्रम! उदास गाण्यामागं लगेच नाचाचं ठेवायचं नाही, एका गायकाची तीन ओळीनं नको, बाजू संपताना असं गाणं पाहिजे की माणूस उठून दुसरी बाजू लावेल. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला द्यायची कॅसेट असेल तर चार दिवस वाद चालायचे.

तुमच्या हातात जुन्या कॅसेटा आल्या असतील तर उत्साहात लगेच मशीनमध्ये घालू नका. आधी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेप बघा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट बाजूला ठेवा, ती लावली तर मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागून बाकीच्या कॅसेटांना पण जाते. सोलापूरची हवा कोरडी म्हणून बुरशी त्या मानानं कमी, माझ्या ४३ मध्ये दोनच निघाल्या, पण आपल्याकडं वैरी आहे तो उन्हाळा. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापतं माहितीच आहे, त्यानं प्लास्टिकचं कवच वाकतं आणि टेप आत घासते. टेबलावर आडवी ठेवून बघायची, डुगडुगली तर वाकलीय.

नंतर टेप वाजते त्या उघड्या बाजूला मधोमध बघा, तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा लोकरीचा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटांत त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो आणि मग आवाज कमी-जास्त होतो, लोकांना वाटतं टेपच खराब झाली. खराब काही नसतं, एखाद्या बिनकामाच्या कॅसेटमधला तुकडा काढून चिकटवायचा. मग पेन्सिल. साधी सहा कोनी पेन्सिल चाकाच्या दातांत बरोबर बसते, तिनं दोन्ही बाजूंना थोडं फिरवून बघायचं, सैल पडलेली टेप ताणून घ्यायची. सहज फिरली तर ठीक. आणि वाजवायच्या आधी मशीनवर एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळून घ्यायची, तीस वर्षं एकाच जागी दाबून बसलेली टेप त्यानं मोकळी होते. पहिली कॅसेट नेहमी अशी घ्या की जी गेली तरी वाईट वाटणार नाही.

कवच गेलं असेल तर टेप दुसऱ्या कवचात घालता येते. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच स्क्रू असलेली रिकामी कॅसेट शोधा, काही कॅसेटांचं कवच चिकटवलेलं असतं, ते फोडावं लागतं आणि फोडताना हात सावकाश. टेबलावर पांढरी चादर अंथरा, कॅसेट आडवी ठेवून वरचं झाकण सरळ वर उचला, उभी धरून उघडली की सगळं मांडीवर येतं आणि ८५ मीटर टेपचा गुंता सोडवायला रविवार जातो. होय, ६० च्या कॅसेटमध्ये साधारण एवढी टेप असते, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगानं ती पळते, करा हिशोब. ९० ची टेप त्याहून पातळ असते आणि १२० ची अजूनच, म्हणून १२० ची कॅसेट पटकन अडकते, आमच्या वेळीही जाणकार मुलं ती घ्यायची नाहीत. टेप तुटली असेल तर साधा सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. टेप जोडायची वेगळी पट्टी मिळते, दोन्ही टोकं तिरकी कापून, हेडला लागते ती बाजू सोडून मागच्या बाजूनं लावायची.

आता मशीन. आमच्या टू-इन-वनला लाईट लागली, रेडिओ खरखरला, पण कॅसेट फिरेना. नव्वद टक्के वेळा बेल्ट गेलेला असतो. आत मोटरवरून चाकावर जाणारा रबराचा बारीक पट्टा असतो, तो इतक्या वर्षांत सैल होतो नाहीतर डांबरासारखा वितळून चाकाला चिकटतो. आमचा वितळला होता. स्पिरिट लावून कापसानं ते काळं सगळं पुसून काढायला भाच्याला दोन तास लागले, बोटं आठवडाभर काळी. मापासाठी चाकांवरून दोरा फिरवून घ्यायचा, जेवढा भरेल त्यापेक्षा थोडा लहान बेल्ट घ्यायचा म्हणजे ताण बसतो. रेडिओ दुरुस्तीवाले आता थोडेच राहिलेत, पण जो असेल त्याच्याकडं मशीन घेऊन जा आणि समोर बसून शिका, नुसतं टाकून येऊ नका. मी एका ठिकाणी टाकून आलो होतो तर त्यांनी आतली मोटरच दुसरी बसवून दिली आणि सगळी गाणी चढ्या सुरात पळायला लागली, परत आणून आम्हालाच नीट करावं लागलं. वेग बरोबर आहे की नाही ते असं तपासायचं, ज्याची लांबी माहीत आहे असं गाणं लावून घड्याळ धरायचं, सव्वातीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत संपलं तर वेग जास्त आहे, मोटरच्या मागच्या छिद्रात बारीक स्क्रू असतो तो किंचित फिरवायचा. बऱ्याच मोटरींना असतो, सगळ्यांना नाही.

हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या काड्या, बस. पेट्रोल, थिनर काही नको. रबराच्या रोलरला जरा ओलं फडकं पुरतं. आणि लोहचुंबकाचा स्क्रूड्रायव्हर हेडजवळ नेऊ नका. एवढं करूनही आवाज घोंगडीतून आल्यासारखा येत असेल तर हेडच्या बाजूला एक स्प्रिंगवाला स्क्रू असतो, गाणं चालू ठेवून तो अगदी केसभर इकडं तिकडं करायचा, एका जागी येऊन आवाज एकदम उघडतो, टाळ-झांजा चमचम करायला लागतात. तो क्षण आला तेव्हा भाचा एकदम ओरडला, "आई शप्पथ मामा!", आणि माझ्या अंगावर काटा आला.

मग आधी जे आहे ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, नवीन भरायचं नंतर. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. मशीनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, लॅपटॉपला बहुतेक ते नसतं आणि माईकचं भोक मोनो असतं, म्हणून छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं. मशीनचा आवाज कमी ठेवायचा आणि पट्टीवर सगळ्यात मोठा आवाज वजा ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघायचं, लाल झालं की फाटलं, ते नंतर दुरुस्त होत नाही. ४४१०० आणि १६ बिट स्टिरिओ ठेवलं तर मिनिटाला १० एमबी लागतात, म्हणजे ६० च्या कॅसेटला ६०० एमबी. मूळ फाईल डब्ल्यूएव्ही म्हणूनच ठेवा, व्हॉट्सअपवर पाठवायला एमपी३ वेगळी करा. खरखर काढायच्या नादात आवाज धुवून पुसून गुळगुळीत करू नका. मागं आमच्या चाळीतल्या कुकरच्या शिट्ट्या आहेत काही कॅसेटांत, त्या मला गाण्याइतक्याच पाहिजेत.

गाणी इंटरनेटवर मिळतातच, मग ती उतरवायची कशाला असं वाटेल. गाण्यांसाठी नाही करायचं. कुठल्या कॅसेटमध्ये माणसाचा आवाज दडलाय हे पूर्ण वाजवल्याशिवाय कळत नाही म्हणून करायचं. माझ्यापुरतं सांगतो. १९८३ मध्ये मी आजीच्या ओव्या टेप केल्या होत्या, जात्यावर बसवून, ३० मिनिटं, एक आख्खी बाजू. पाठीमागची पत्री, जी मोडली की त्यावर परत रेकॉर्ड होत नाही, ती मोडायची राहिली. महिनाभरानं बुधवारी रात्री गडबडीत तीच कॅसेट घातली आणि रेडिओवरची बिनाका गीतमाला भरायला लावली. ओव्यांवर गाणी चढत गेली आणि मी शेजारी बसून गाणी ऐकतोय. मध्येच लाईट गेली म्हणून थांबलं. शेवटची चार मिनिटं वाचली. आजी पुढच्या पावसाळ्यात गेली. त्या चार मिनिटांत आधी जात्याची घरघर येते, मग आजी एक ओवी म्हणते, मध्येच थांबून विचारते "आलं का रं त्यात?", आणि मी हूं म्हणतो. आता ते पाच ठिकाणी कॉपी करून ठेवलंय.

म्हणून हे नीट वाचा. कॅसेटची मागची कड बघा, दोन टोकांना दोन छोट्या पत्र्या असतात. ए बाजू तुमच्याकडं तोंड करून धरली आणि टेपची उघडी बाजू खाली ठेवली की वर डावीकडची पत्री ही ए बाजूची. ती मोडली की त्या बाजूवर परत रेकॉर्ड होत नाही, बटणच दाबलं जात नाही. पुढं कधी परत भरायचीच असेल तर त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा लावायचा. कुठलंही माणसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग झालं की मशीनमधून काढल्या काढल्या, पाणी प्यायच्या आधी, पत्री मोडायची.

नवीन कॅसेट भरताना दोन गोष्टी. सुरुवातीची पाच-सहा सेकंद नुसती कोरी प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही, पेन्सिलनं ती पुढं सरकवून घ्या नाहीतर पहिल्या गाण्याचं तोंड जातं. आणि रेडिओवरून भरायचं तर पॉज, रेकॉर्ड आणि प्ले आधीच दाबून ठेवायचं, निवेदक बोलायचा थांबला की पॉज सोडायचा. बोट पॉजवर ठेवून श्वास धरून बसायचो आम्ही. दोन गाण्यांत तीन-चार सेकंद मोकळी ठेवायची. यादी हातानंच लिहा, कव्हरच्या आतल्या कागदावर, बारीक अक्षरात.

रेडिओचा नाद यालाच लागून. अमीन सायानींची गीतमाला १९५२ पासून रेडिओ सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेच्या स्टेशनवर, दर बुधवारी रात्री ८ वाजता, ती ८९ मध्ये विविध भारतीवर आली, पण आमच्या कॉलेजच्या वर्षांत सिलोनच. सकाळी साडेसात ते आठ जुनी गाणी आणि शेवटी ७ वाजून ५७ मिनिटांनी सैगल. आमचे वडील सैगल सुरू झाला की सायकल काढायचे, घड्याळ बघायची गरजच नसायची. त्यात काही पोरं पुढं सरकायची आणि शॉर्टवेव्हवर जगभराची स्टेशनं धरायची, मॉस्को, पेकिंग, जर्मनी, जपान, हॉलंड. नुसतं ऐकायचं नाही, स्टेशनला रिपोर्ट लिहायचा, तो बरोबर असला की ते चित्राचं कार्ड पाठवायचे, क्यूएसएल कार्ड म्हणतात त्याला, सोबत कधी कॅलेंडर, कधी स्टिकर. सोलापूरच्या बोळात पोस्टमन जर्मनीचं पाकीट घेऊन यायचा आणि आख्खी गल्ली गोळा व्हायची.

हा नाद आजही करता येतो, मात्र घाई करा. बरीच स्टेशनं बंद झाली, बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला थांबली, हॉलंडचं त्याआधीच गेलं. पण चीन, जपान, रोमानिया अशी काही अजून बोलतात. शॉर्टवेव्ह असलेला साधा सेलवरचा रेडिओ घ्या, आकडे दाखवणारा डिजिटल असला तर नवशिक्याला सोपं. सुरुवात संध्याकाळी करा, गच्चीवर. रात्री ४९, ४१ आणि ३१ मीटर, दिवसा १९ आणि १६ मीटर असं ढोबळ लक्षात ठेवा. वर आकाशात आयनोस्फिअरचे थर आहेत, त्यावर आपटून लाट खाली येते म्हणून इतक्या लांबचं ऐकू येतं, आणि ते थर सूर्यावर चालतात म्हणून दिवसाचे बँड वेगळे, रात्रीचे वेगळे. सूर्यावरच्या डागांचं ११ वर्षांचं चक्र असतं, डाग जास्त तेव्हा वरचे बँड छान चालतात.

रेडिओची दांडी पुरत नाही. १० मीटर तांब्याची वायर गच्चीच्या एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत बांधा, विजेच्या तारांपासून लांब, टोकाला नायलॉनची दोरी, आणि दुसरं टोक चिमट्यानं दांडीला लावा. पाऊस-विजा सुरू झाल्या की आधी ते काढायचं, यात आळस नको. घरात आता एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर सगळे खरखर करतात, ते बंद करत करत जा आणि ऐका कुठलं बंद केल्यावर शांत झालं. आमच्या वेळी हा त्रास सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका मित्राला जास्त होता, तिकडं पॉवरलूमच्या मोटरी दिवसभर चालायच्या, त्यामुळे तो बिचारा रेडिओ सायकलला लावून आमच्याकडं ऐकायला यायचा. आणि लाईट गेली की सगळ्या गावाची खरखर एकदम थांबायची आणि जग स्वच्छ ऐकू यायचं. आता पण लाईट गेली की मी भाच्याला म्हणतो चल वर.

रिपोर्ट असा लिहायचा. तारीख, वेळ, पण वेळ आपली नाही, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून जी येते ती, म्हणजे रात्री ८ ला १४.३०. मग फ्रिक्वेन्सी, मग सिनपो, हे पाच आकडे असतात, सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ, खरखर, आवाजाची चढ-उतार आणि एकूण, प्रत्येकाला १ ते ५, पाच म्हणजे उत्तम. आणि मग कार्यक्रमात काय झालं ते मिनिटांसकट, निदान २० मिनिटांचं. खरं तेच लिहा. नीट ऐकू आलं नाही तर २ द्या, खूष करायला ५ देऊ नका, त्या इंजिनिअरला खरी माहिती हवी असते. ईमेलनं पण चालतं आता, पण कार्ड हातात पाहिजे असेल तर पोस्टाचा पत्ता स्वच्छ अक्षरात लिहा. भाच्यानं पहिला रिपोर्ट पाठवला आणि मग रोज विचारायचा, आलं का काही. सात आठवड्यांनी आलं. त्या दिवशी त्यानं मला पुण्याहून व्हिडिओ कॉल करून पाकीट त्याच्यासमोर फोडायला लावलं.

सायकलचं थोडक्यात. आमच्यातल्या निम्म्यांकडं स्वतःची नव्हती, तासावर भाड्यानं मिळायची. रविवारी पहाटे हिप्परग्याच्या तळ्यावर जायचं, तुळजापूर रोडनं, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात, तळ्याच्या बांधावर बसून खायची. ज्यांना पक्ष्यांचा नाद ते बार्शी रोडनं २० किलोमीटरवर नान्नजला, माळढोकचं अभयारण्य १९७९ ला झालेलं, त्यावेळी सायकल गवतात आडवी टाकून पोटावर पडून बघायचो, नर फुगून उभा राहिला की माळावर कुणीतरी पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं दिसायचं. आता माळढोक दिसायची आशा धरून जाऊ नका, काळवीट मात्र दिसतात. आज करायचं तर जुनी सायकल ओव्हरऑइल करून घ्या, ट्यूब-टायर नवे, ब्रेकचे गुटके नवे, चेन रॉकेलऐवजी डिझेलमध्ये धुऊन तेल. पंक्चर स्वतः काढायला शिकून मगच गावाबाहेर जा. आणि उन्हाळ्यात ९ च्या आत घरी, सोलापूरचं ऊन आहे ते.

बाकी नाद खूप होते. पहाटे तालमीत जोर-बैठका, पार्क मैदानावर क्रिकेट, हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून फुकट मासिकं, पोस्टाची तिकिटं, पेनफ्रेंड, गॅदरिंगच्या आधी महिनाभर नाटकाच्या तालमी, जानेवारीत गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, रोज संध्याकाळची चक्कर. यातलं वाचनालय आणि तालीम आजही तिथंच आहेत, जाऊन नाव घाला, त्यासाठी माझ्या गाइडची गरज नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, ती त्या वहीतली. भाचा वही चाळताना म्हणाला, मामा, ए बाजूच्या याद्या तुमच्या अक्षरात आहेत, बी बाजूच्या बऱ्याच दुसऱ्याच अक्षरात आहेत. ते त्याच्या आईचं अक्षर. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तीही कॉलेजलाच होती, पण तिला दिवेलागणीच्या आत घरात यावं लागायचं, कॅसेटच्या दुकानात उभं राहणं तर लांबच. मग ती माझ्या कॅसेटची बी बाजू मागून घ्यायची, पैसे अर्धे द्यायची, आणि यादी लिहून माझ्या हातात ठेवायची, "दुकानात माझं नाव सांगू नको". हे नाद पोरांचे म्हणून मी एवढा वेळ लिहितोय, पण त्यातली निम्मी टेप तिची आहे. तुमच्या घरच्या वहीत पण अक्षरं नीट बघा.

म्हणून आम्ही दुरुस्त केलेल्या मशीनवर पहिली नवीन ६० ची कॅसेट ताईला दिली. पाडव्याच्या दुपारी मधल्या खोलीत पंखा बंद करून तिला बसवलं, पंख्याची घरघर येते म्हणून बंदच करा, आणि तिचीच १९८४ ची एक यादी तिच्या हातात दिली. प्रत्येक गाणं का घेतलं होतं ते ती सांगत गेली, मध्ये मध्ये गुणगुणत. भाचा रेकॉर्डचं बटण दाबून धरल्यासारखा बसला होता, हलला नाही. २६ व्या मिनिटाला ती थांबली आणि म्हणाली, बास आता, चहा टाकते. त्यानं कॅसेट काढली, ए बाजू आपल्याकडं केली, डावीकडची पत्री पेनच्या टोकानं मोडली आणि मोडलेला तुकडा मला दाखवून खिशात टाकला.